काढा निघाला रॉटरडॅमला

१२ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. डायरी एका औषध कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी ॲसिडिटीच्या गोळीची जाहिरात. पण कागद चांगला आहे. ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे इथे खरं तेच लिहायचं असं ठरवलं आहे.

निमित्त असं. सकाळी अंकुरने फोटो पाठवला. अंकुर म्हणजे धनश्रीच्या बहिणीचा मुलगा, रॉटरडॅमला असतो. फोटोत एका कॅफेच्या काचेच्या कपाटात बारकी बाटली. वर इंग्रजीत लिहिलंय की हा भारतातला प्राचीन कडू काढा, गुळवेल आणि आवळ्याचा, शरीर आतून स्वच्छ करणारा. किंमत सहा युरो. तिथली पोरं-पोरी व्यायाम करून येतात आणि हे पितात म्हणे. खाली अंकुरने लिहिलं, काका, हे तर आपल्या यमुताईंचंच आहे.

मी गॅलरीत उभा राहून हे वाचत होतो आणि खाली अंगणात तेच चाललं होतं. फुकट. यमुताई म्हणजे माझी मोठी बहीण. भाऊजी गेल्यावर उमरेडहून इकडे आली, खालच्या खोलीत राहते. दर रविवारी ऊन अंगणात यायच्या आत तिचा काढा तयार असतो. जुना ताप, कावीळ, पोट, सांधे, सगळ्यांना तोच. माणसं आपापला पेला घेऊन येतात, अंगणात उभ्याने पितात, तोंड वाकडं करतात आणि जातात. पैसे नाहीत, नारळ नाही, आभारसुद्धा मानायचे नाहीत.

दहा फुटांवर सहा युरो सांडताहेत आणि मी व्हीआरएस घेऊन वर्षभर पेपर वाचतोय. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच.

१३ जानेवारी

संकल्प. उद्यापासून पहाटे पाचला उठणे. एक्स्पोर्टचा अभ्यास. वजन सहा किलो कमी (फॉरेनर्सशी मीटिंग). ब्रँडचे नाव सुचले आहे, 'यमुना'. धनश्रीला सांगितलं. ती शाळेचे पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, ताईंना विचारलं का. म्हटलं, विचारायचं काय त्यात, नाव तिचंच तर देतोय.

१४ जानेवारी. सकाळी ८.२०

पाचला उठणे झाले नाही. संक्रांत आहे, सणाला नियम लावू नये.

१६ जानेवारी

ताईशी बोललो. सविस्तर. जगात काय चाललंय, वेलनेस म्हणजे काय, बाहेरच्या लोकांना आपली किंमत कशी कळली, सगळं समजावून सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. शेवटी म्हणाली, हे माह्या सासूनं मले देलं तवा वचन घेतलं होतं. विकलं का गुण जाते.

म्हटलं, ताई, गुण गुळवेलीत असतो, माणसात नसतो. ती म्हणाली, असं असतं त लोक झाडालेच तोंड लावून बसले असते, माह्या दाराशी काहून आले असते गा.

याला उत्तर होतं, पण मोठ्या बहिणीला उलट बोलू नये म्हणून दिलं नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ताई बारा. बाबांच्या हातमागाशी बसून सुताच्या कांड्या भरायची आणि मला शाळेत पाठवायची. तिच्या मनात भीती आहे, ती मलाच काढावी लागणार. एक्स्पोर्टमध्ये ह्यूमन रिसोर्स फार महत्त्वाचा.

१९ जानेवारी, रविवार

निरीक्षण. गॅलरीतून वही घेऊन बसलो. पंचवीस माणसं. ताई रविवारचं पातळ नेसली होती, हिरवं, लाल काठाचं, जे ती लग्नालाही नेसत नाही. आठवडाभर जी बाई गुडघे धरून उठते ती आज खारीसारखी इकडून तिकडे. प्रत्येकाच्या पेल्यात काढा ओतताना अंगठा पेल्याच्या काठाला लावते आणि ओठात काही पुटपुटते. विचारते, किती दिवस झाले, भूक लागते का, झोप येते का. सगळं झाल्यावर उरलेला शेवटचा पेला ती स्वतः पिते. हा तिचा नियम आहे.

सगळ्यात जुनं गिऱ्हाईक (शब्द सवय होण्यासाठी वापरतोय) पार्वतीबाई. भाजी विकतात, पाचपावलीहून पायी येतात. त्यांची कावीळ ताईने तीनदा उतरवली म्हणे. दुसरा लहानू, ऑटोवाला. त्याला काहीच झालेलं नाही, तो सवय म्हणून पितो.

नोंद: गुळवेल, आवळकाठी, सुंठ, काडेचिराईत, अजून दोन. प्रमाण दिसलं नाही, ती मुठीने घालते. मीही अर्धा पेला प्यायलो. नंतर दोन गुलाबजाम खाल्ले, तरी जीभ पूर्वपदावर आली नाही. युरोपात हे लोक पैसे देऊन पितात म्हणजे तिथे फारच सुबत्ता असावी.

२६ जानेवारी, रविवार

व्हिडिओ टाकला. झेंडावंदनाहून आलो आणि ताईच्या नकळत गॅलरीतून काढला. वरून काढल्यामुळे ताईचा चेहरा नाही, डोकं आणि पातेलं दिसतं. नाव दिलं, 'माझ्या बहिणीचं पाच हजार वर्षं जुनं गुपित'. धनश्री म्हणाली, ताई त्रेसष्टच्या आहेत.

संध्याकाळपर्यंत अकराशे लोकांनी पाहिला. मला वाटतं मी जन्मतः याच लाइनचा होतो. सदर भागातल्या ऑफिसात स्टोअरकीपर म्हणून अठ्ठावीस वर्षं वाया गेली.

४ फेब्रुवारी

मिहानला, विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत, जाऊन आलो. एक्स्पोर्ट इथूनच होणार, जागा पाहून ठेवलेली बरी. लहानूच्या ऑटोने. गेटवर गार्डने विचारलं, कौनसी कंपनी. म्हटलं, होणारी. तो म्हणाला, तो होने के बाद आना, चाचा. माणूस नम्र होता. गेटच्या बाहेरून बरंच काही दिसतं. प्राथमिक साइट व्हिजिट पूर्ण.

परतताना लहानू म्हणाला, भाऊ, ताईच्या काढ्याचं काही करून राहिले का तुम्ही. म्हटलं, जगापर्यंत न्यायचा आहे. तो म्हणाला, जग येऊन राहिलं ना इथं पेला घेऊन, मंग. या लोकांची दृष्टी ऑटोच्या हँडलपुढे जात नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

अठ्ठावन्न माणसं. व्हिडिओचा परिणाम. सदरहून कारमधून एक जोडपं आलं, बरोबर स्वतःच्या स्टीलच्या बाटल्या. ताईचं पातेलं सकाळी साडेसहालाच संपलं. वीस जण परत गेले. ताईला फार लागलं. म्हणाली, दारात आलेला माणूस कधी रिकामा गेला नव्हता वं धनश्री. मी मनात म्हटलं, यालाच डिमांड म्हणतात.

अंकुरला कळवलं. तो म्हणाला, कॅफेवाला ओळखीचा झालाय, बारा बाटल्या नमुना पाठवा, पण लॅबचं सर्टिफिकेट लागेल.

पाचला उठणे: आज उठलो होतो. (५.५०)

१६ फेब्रुवारी, रविवार

आजच्या प्रकाराबद्दल फार लिहीत नाही. थोडक्यात नोंद.

बाटल्या, लेबल, लॅब, याला खर्च आहे. तो लोकांकडून ऐच्छिक योगदान म्हणून यावा अशी माझी कल्पना. ही विक्री नव्हे. चहाच्या टपरीवर असतो तसा स्कॅनर आणि बोलणारा डबा आणला आणि ताईला दिसू नये म्हणून डबा कुंडीमागे ठेवला. त्याचा आवाज कमी करायचं बटण कुठे आहे ते मला माहीत नव्हतं.

पहिला स्कॅन लहानूने केला. त्याला वाटलं ताईनेच ठेवला असेल. अंगणात साठ माणसं, सगळे पीत होते म्हणून शांतता होती, आणि कुंडीतून बाईच्या आवाजात, इक्कीस रुपये प्राप्त हुए.

ताई पार्वतीबाईंच्या पेल्यात ओतत होती. तिचा हात तसाच राहिला. काढा पेल्यावरून वाहून पार्वतीबाईंच्या पायावर सांडला. मग तिने बाकी सगळ्यांना दिला, कोणालाही काही न विचारता. शेवटचा पेला स्वतः प्यायली आणि आत गेली.

१७ फेब्रुवारी

ताई बोलत नाही. सात दिवस अळणी जेवणार आहे, गुण परत यावा म्हणून. धनश्रीसुद्धा माझ्याशी कामापुरतं बोलते. डबा परत केला. लहानूला त्याचे एकवीस रुपये दिले, त्याने घेतले नाहीत, म्हणाला आता ते घेतले त मले बाधन.

सगळ्या मोठ्या उद्योगांना सुरुवातीला घरून विरोध होतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज ताईने काढा दिला. ऐंशीच्या वर लोक. पार्वतीबाईंनी पिऊन सांगितलं, तसाच आहे बाई, काही नाही झालं त्याले. ताईच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं. मलाही बरं वाटलं, खरंच. पण पातेलं पुन्हा अपुरं पडलं. तीस जण परत.

दुपारी ती स्वतःहून वर आली. म्हणाली, हेमराज, मोठं भांडं पाहून दे गा कुठं भेटलं त. लोकं रिकामे जातात त माह्या जिवाले बरं नाही वाटत.

दिलजमाई झाली. शिवाय मोठ्या भांड्यात लोकांचंही होईल आणि माझ्या बारा बाटल्याही निघतील, ताईला वेगळं सांगायची गरज नाही. एका दगडात दोन पक्षी.

२७ फेब्रुवारी

भांडं मिळालं. तांब्याचा हंडा, माझ्या कमरेइतका. मागच्या गल्लीत शालिकराम रंगारी राहतो. पूर्वी आमच्या सगळ्या मोहल्ल्याचं सूत त्याच्याकडे रंगायला जायचं. आता माग बंद, रंगही बंद, हंडा शेडमध्ये पडलेला. तो म्हणाला, ने गा, पण मन लावून घासजो. तीस वर्षं याच्यात लालच उकळलं.

इतवारी बाजारातून नवीन घ्यायचा तर विनाकारण खर्च. आणि तांबं म्हणजे आयुर्वेदातलं उत्तम. ताईला सांगितलं, इतवारीतून नवीन आणला. ती वापरलेल्या भांड्यात करणार नाही म्हणून एवढाच बदल केला.

१ मार्च. दुपारी

हंडा दोन तास घासला. भांड्याची पावडर, लिंबू, नारळाची शेंडी. चकाचक. बुडाशी थोडी लाली राहिली आहे, ती तांब्याचीच असणार. धनश्रीने विचारलं, कल्हई केली का, त्यात आवळकाठी आंबट असते. म्हटलं, कल्हईवाला आता शोधायचा कुठे. ती म्हणाली, मग ताईंना सांगा तसं. म्हटलं, सांगतो.

ताई झोपली होती.

२ मार्च, रविवार

ऐतिहासिक दिवस.

हंड्यातून काढा निघाला तो लालभडक. नेहमी मातकट असतो, कुठल्याही बाटलीत भरला तरी नाल्याचं पाणी वाटावं असा. आज डाळिंबाच्या रसासारखा. लोकांनी फोटो काढले. ताईने पळीत घेऊन उन्हात धरून पाहिला आणि म्हणाली, असा रंग कधी आला नाही गा याले. म्हटलं, नवीन तांबं आहे ताई, आपला गुण दाखवतंय. तिने पळी परत हंड्यात बुडवली. मग अंगठा काठाला लावून ओतायला लागली.

पंच्याण्णव माणसं, एकही परत गेला नाही. शेवटचा पेला ताई प्यायली. मी नाही प्यायलो, घाई होती, बाटल्या भरायच्या होत्या. बारा बाटल्या रॉटरडॅमसाठी आणि एक रामदासपेठेतल्या लॅबला देऊन आलो. अंकुरला फोटो पाठवला. त्याने कॅफेवाल्याला दाखवला, तो म्हणाला, हा रंग मिळत असेल तर वाटेल तेवढ्या बाटल्या घेतो.

आज बाबा असायला हवे होते. आमच्या घरातला माल परदेशी निघाला.

३ मार्च

लहानूचा फोन. त्याला रात्रीपासून उलट्या. त्याच्या गल्लीतल्या चौघांना पण. म्हटलं, शरीर आतून स्वच्छ होतंय, याला डिटॉक्स म्हणतात, पहिल्या दोन दिवसांत होतो. तो म्हणाला, भाऊ, सहा वर्षांपासून पिऊन राहिलो, आजच काहून स्वच्छ होऊन राहिलो.

४ मार्च

पार्वतीबाई दवाखान्यात. सलाईन लावलं आहे. धनश्री बघून आली. त्यांची जीभ आणि ओठ अजून लाल आहेत म्हणे. डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं, तर पार्वतीबाईंनी ताईचं नाव सांगितलं नाही. म्हणाल्या, सडलेलं टमाटं खाल्लं असंन.

धनश्रीने मला विचारलं, हंडा नक्की कुठून आणला. मी म्हणालो, इतवारी. तिने दुकान विचारलं नाही, हे बरं झालं.

ताई दोन दिवस काही जेवलेली नाही. पोट बिघडलंय, पण कोणाला सांगू नको म्हणाली.

६ मार्च

हंडा गच्चीवर पालथा घातला. सध्या शालिकरामच्या गल्लीतून न जाता लांबून दुधाला जातो. चालणं वाढलं. वजन कमी करण्याचा संकल्प या निमित्ताने सुरू झाला.

९ मार्च, रविवार

ताईने पहाटे उठून काढा केला. तिच्याच जुन्या पातेल्यात, थोडासा. हिरवं पातळ नेसली. अंगणात सतरंजी टाकली.

चार माणसं आली. त्यातले दोन नवे, कुठल्या गावाहून, त्यांना काही माहीत नव्हतं. शेजारच्या बाईने त्यांना फाटकाबाहेर गाठून काहीतरी सांगितलं, तेही परत गेले. उरलेले दोन म्हणाले, प्यायला नाही आलो ताई, तुमची तब्येत पाहायला आलो. कोपऱ्यावरच्या पोरांनी जाता जाता आवाज दिला, यमुआजीनं यंदा होळी लवकर खेळली बे, तोंडातूनच.

ताई साडेआठपर्यंत बसली. ऊन अंगणभर आलं तशी उठली, पातेलं उचललं आणि सगळा काढा गुळवेलीच्या बुडाशी ओतला. मी गॅलरीत होतो. ती वर न बघता म्हणाली, सात दिवस अळणी खाल्लं, पण नाही पुरलं ते. पैशाले हात लागला आणि गुण गेला.

अंधश्रद्धा. पण यावर आज वाद घातला नाही.

१२ मार्च

लॅबचा रिपोर्ट आला. सर्टिफिकेटच्या जागी रिपोर्ट. तांबं मर्यादेच्या चौदापट. शिवाय कपड्याला वापरतात तो रंग, खाण्यात मनाई असलेला. खाली लाल शाईने, पिण्यास अयोग्य. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, हे कोणी प्यायलं तर नाही ना सर. म्हटलं, नाही, नाही, शोपीस आहे.

ऑटोत बसून असं ठरवलं होतं की लॅबवाल्यांना आयुर्वेद कळत नाही असं लिहायचं. पण डायरीच्या पहिल्या पानावर खरं तेच लिहायचं म्हटलं आहे, म्हणून लिहितो. शालिकरामचा हंडा.

म्हणजे ताईचा काढा ठीक होता. तिचा हातही ठीक आहे. तिला हे सांगितलं पाहिजे. येत्या रविवारी सांगेन. तिचाच दिवस आहे, शोभेल.

रिपोर्टच्या आठ घड्या करून पाकिटात ठेवला.

१४ मार्च, धुळवड

आज कोणी घराबाहेर पडलं नाही. योग्य वातावरण नव्हतं.

१६ मार्च, रविवार

सांगणार होतो. खाली गेलो. ताई साधं लुगडं नेसून भाजी निवडत बसली होती, रविवार असून. तिने विचारलं, चहा घेशीन. घेतला. मग ती उमरेडच्या जुन्या गोष्टी सांगत बसली. सासू कशी कडक होती, पण मरताना हिलाच जवळ बोलावून म्हणाली, सुनेनं घर सांभाळलं नाही तरी चालंन, पण हा पेला रिकामा ठेवू नको. मध्येच तोडून हंड्याचं बोलणं बरं दिसलं नसतं.

मुद्दे काढून ठेवतो. एक, चूक अजाणता झाली. दोन, हेतू चांगला. तीन, शालिकरामने अधिक स्पष्ट शब्दांत सांगायला हवं होतं.

१९ मार्च

बारा बाटल्या नालीत ओतल्या. नाली दोन तास सुंदर दिसत होती.

पार्वतीबाई दवाखान्यातून घरी आल्या आहेत. धनश्री फळं घेऊन गेली. मी येणार होतो, पण पायात चमक भरली.

२३ मार्च, रविवार

अंकुरचा फोन. कॅफेवाल्याने काढ्याच्या बाटल्या कपाटातून काढून टाकल्या. कोणी घेत नाही आता. हल्ली तिकडे समुद्रातलं शेवाळ पितात. अंकुर म्हणाला, काका, तुम्ही फार मनावर घेतलं नव्हतं ना. म्हटलं, छे रे, टाइमपास.

म्हणजे ज्यासाठी हे सगळं केलं ते अडीच महिन्यांत गेलं. आणि ताईचं उमरेडहून आणलेलं चाळीस वर्षांचं गेलं. ही दोन वाक्यं लिहून बराच वेळ बसलो. खाली ॲसिडिटीची जाहिरात आहे ती चार वेळा वाचली.

आता एक्स्पोर्ट नाही म्हणजे लपवण्यासारखंही काही नाही. सांगून टाकावं. पण आता सांगितलं तर ती विचारेल, तीन आठवडे काहून नाही सांगितलं. याचं उत्तर आधी तयार करावं लागेल.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. कडुलिंबाची पानं चावली. दरवर्षी पाडव्याला ताईच्या काढ्याला सगळ्यात मोठी गर्दी. आज अंगणात दोन कावळे.

दुपारी ताईला बारीक ताप. तिने धनश्रीला मेडिकलमधून गोळी आणायला सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा. धनश्री म्हणाली, तुमचा काढा करू का, तुम्ही सांगा, मी उकळते. ताई म्हणाली, त्याच्यात आता काय आहे बाई, नुसता पाला. धनश्री वर येऊन स्वयंपाकघरात रडली. मला म्हणाली, तुम्हाला काही माहीत असेल तर बोला हो. मी म्हटलं, वयोमानाने मन हळवं होतं.

पाचला उठण्याचा संकल्प नवीन वर्षापासून पुन्हा.

४ एप्रिल

ठरलं. परवा रविवार. रिपोर्ट हातात देईन, इंग्रजीत आहे, मराठीत समजावेन. वाक्य पाठ केलं आहे: ताई, गुण तुझ्या हातातच आहे, घाण माझ्या हंड्यात होती. आरशासमोर तीनदा म्हटलं. चांगलं जमतं.

६ एप्रिल, रविवार

सहाला उठलो. आपोआप. रिपोर्ट शर्टाच्या खिशात ठेवून खाली गेलो.

ताईच्या दाराशी पार्वतीबाई उभ्या होत्या. निम्म्या राहिल्यात. हातात पेला. इतक्या झाल्यावर पाचपावलीहून पायी. म्हणाल्या, ताई, थोडासा दे. दवाखान्याच्या औषधानं उतरलं, पण तोंडाले चव नाही. मले तुह्याच हातचं लागते.

ताईने दोन्ही हात जोडले. पार्वतीबाईंपुढे, भाजीवालीपुढे, माझ्या बहिणीने. म्हणाली, नको मागू बाई. मीच तुले आजारी पाडलं. माह्या हाताले आता गुण नाही.

पार्वतीबाई म्हणाल्या, असं कसं होईन, एकाएकी. काहीतरी दुसरं झालं असंन त्या दिवशी.

माझं वाक्य तोंडात आलं होतं. तेवढ्यात ताई माझ्याकडे वळली. म्हणाली, हेमराज, तूच सांग गा इले. त्या पैशानंच गेला ना गुण.

मी म्हणालो, हो.

पार्वतीबाईंनी पेला पदराखाली घेतला. मग गेल्या. ताई उंबऱ्यावर बसली. मला वाटलं ती रागावेल. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, मनाले लावून नको घेऊ. तुले काय ठाऊक होतं. तू लहानच आहे.

मी सत्तावन्नचा आहे.

मला माझी फार लाज वाटली. दिवसभर वाटली, अजून वाटते आहे. रिपोर्ट खिशात होता. संध्याकाळी धनश्रीने शर्ट धुवायला टाकण्याआधी मी तो काढून फाडला.

या डायरीत प्रत्येक वेळी उद्या, परवा, रविवारी असं लिहून पान मिटतो. आज तसं लिहीत नाही. मी तिला सांगणार नाही.